चांदणं गेलं, भांडी राहिली : स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखिकेबरोबरचं संपादन

या प्रकरणातल्या लेखिका एकाहत्तर वर्षांच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, जन्मापासून पुण्यातच. ही त्यांची पहिली कादंबरी. प्रकाशक कोणी नाही, म्हणजे प्रकाशक त्या स्वतःच. संपादक मी. कुठल्याही संस्थेत नोकरी न करता कथा-कादंबऱ्यांचं संपादन करते आणि त्यावरच माझं घर चालतं. त्यांचं किंवा पुस्तकाचं नाव इथे सापडणार नाही. 'नाव घातलंस तर जाहिरात वाटेल,' असं त्यांनीच बजावलंय. बाकी सगळं लिहायला मोकळीक आहे. मी त्यांना काकू म्हणते, इथेही तेच म्हणेन.

मराठीत संपादक म्हटलं की श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ही नावं निघतात, 'सत्यकथा' मासिकाचा विषय निघतो, लेखकांना लिहिलेली सविस्तर पत्रं निघतात. 'सत्यकथा' 1982 साली बंद झालं. तसं काम करणारे लोक नंतरही झाले, आजही आहेत. पण माझ्या वाट्याला येणाऱ्या बऱ्याच कामांत 'संपादन' म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघून द्या, एवढाच अर्थ असतो. तशा सविस्तर पत्राची संधी मला सर्वांत जास्त मिळते ती स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकांबरोबर. हे ऐकून लोकांच्या भुवया वर जातात. 'स्वतः छापतात म्हणजे कोणी छापलं नाही म्हणून छापतात' हा समज आपल्याकडे घट्ट आहे. काही जणांच्या बाबतीत तो खराही असतो. पण त्यांच्याबरोबर काम करताना निर्णय घेणारा माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. मी एखादी सूचना केली की तो विचारतो, 'का?' आणि मला उत्तर द्यावं लागतं. प्रकाशकामार्फत काम आलं की माझा अहवाल प्रकाशकाकडे जातो, त्याचा सारांश लेखकाकडे जातो, आणि लेखक पुस्तक निघतंय या आनंदात सगळं मान्य तरी करतो, नाही तर रागाने सगळंच नाकारतो. 'का?' हा प्रश्न वाटेत कुठे तरी गळून पडतो.

काकूंच्या कादंबरीत तो गळला नाही. त्यामुळे काय काय झालं, ते या प्रकरणात आहे.

हातात काय आलं

विषय पानशेतचा. म्हणजे काकूंच्या मते विषय आत्याचा, पानशेत फक्त मध्ये येतं. नारायण पेठेत नदीच्या अंगाला असलेला एक वाडा, त्यात भाड्याने राहणारं कुटुंब, आणि वाड्यात खानावळ चालवणारी विधवा आत्या. 12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी त्याच्या खालचं खडकवासल्याचं धरण गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. वाडा बसला. कुटुंब आधी एका शाळेत, मग गोखलेनगरच्या निसन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या घरात. तिथे आत्याची खानावळ पुन्हा सुरू होते. भाची मोठी होऊन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागते, भाऊ मुंबईला जातो, आणि वाड्याच्या जागेवर इमारत उभी राहताना मालक-भाडेकरूंचं जे व्हायचं ते सगळं होतं. निवेदक भाची. पूर आला तेव्हा ती आठ वर्षांची.

हस्तलिखित होतं एक लाख बारा हजार शब्दांचं. पुण्यातल्याच एका प्रकाशनसंस्थेकडे काकूंनी ते आधी दिलं होतं. तिकडून ना होकार ना नकार. अखेर त्या स्वतः जाऊन वह्यांच्या झेरॉक्स परत घेऊन आल्या. पुण्यात माणसं तोंडावर बोलतात अशी ख्याती आहे, पण हस्तलिखिताबद्दल तोंडावर बोलणारा माणूस इथेही मिळत नाही.

पहिल्या फोनवर त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं आणि दोन गोष्टी विचारल्या. एक, तुम्ही वाचून खरं सांगता का? दोन, खरं सांगायचे किती घेता? मी पहिल्या तीन प्रकरणांचं नमुना संपादन करून दिलं. ते बघून त्यांनी होकार कळवला आणि तेव्हापासून मी 'अगं' झाले.

करार एका पानाचा. मी तीन टप्प्यांत काम करणार: आधी रचना, मग वाक्यं, शेवटी मुद्रितं, म्हणजे प्रुफं. पैसेही तीन हप्त्यांत. संपादक म्हणून माझं नाव आतल्या पानावर. स्वामित्वहक्क संपूर्णपणे लेखिकेचा, आणि कुठल्याही मुद्द्यावर शेवटचा शब्द त्यांचा. हक्काचं कलम काकूंनी दोनदा वाचलं. आपल्याकडे 1957 च्या कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो, हे सांगितल्यावर म्हणाल्या, 'म्हणजे नातींना डोकेदुखी.' आणि सही केली.

शेवटच्या शब्दाचं कलम मी प्रत्येक स्वतंत्र लेखकाच्या करारात घालते. ते असल्यामुळे लेखक सैलावतो. आपलं पुस्तक कोणी हिसकावून घेणार नाही हे एकदा कळलं की माणूस सूचना ऐकून घेतो.

पत्र, आणि त्याचं उत्तर

रचनेबद्दलचं माझं पत्र बरंच लांब झालं. त्यातला बराचसा भाग मतभेद होण्यासारखा नव्हता. कादंबरीला तीन सुरुवाती होत्या, एक पुरे. नाव असलेली एकेचाळीस पात्रं होती आणि दोन मामा तर एकमेकांपासून ओळखू येत नव्हते. त्यांचा एक मामा करा. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात आत्या जवळपास गायबच होते, आणि पुस्तकातलं सर्वांत जिवंत माणूस तीच. हे सगळं काकूंनी मुकाट्याने मान्य केलं. मामांच्या बाबतीत तर 'खऱ्यात दोन होते म्हणून घातले, पण खऱ्यातसुद्धा एक चालला असता' असा शेरा मारला.

अडलं ते सातव्या प्रकरणावर. धरण का फुटलं, हे त्यात चार हजार शब्दांत दिलं होतं. माहिती चोख होती. बांधकाम पुरतं झालेलं नसताना त्याच पावसाळ्यात पाणी साठवलं गेलं. पाणी सोडायचा जो मोरीवजा बोगदा होता, तो सळया न घालता नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा केला होता, कारण पोलादाची टंचाई होती. तो खचला तशी वरची माती बसत गेली. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास थोपवलं. त्यामुळे ते रात्री न फुटता दिवसाउजेडी फुटलं आणि असंख्य माणसं वाचली. हे सगळं जसंच्या तसं, अहवालाच्या भाषेत, आणि सांगतेय कोण? आठ वर्षांची मुलगी.

मी लिहिलं: हे प्रकरण काढा. आठ वर्षांच्या मुलीला हे ठाऊक असणं शक्य नाही. मोठेपणी तिला कळलं म्हणावं, तर पुराच्या ऐन मध्यावर ती गोष्ट थांबवून व्याख्यान का देतेय, याला उत्तर नाही. वाचक पाण्याच्या भीतीत आहे, त्याला बाहेर काढून वर्गात बसवू नका.

काकूंचं उत्तर कागदावर आलं, आखीव फुलस्केपवर. 'बाकी सगळं कबूल. सातवं प्रकरण जाणार नाही. का ते लिहिते.' आणि मग त्यांनी लिहिलं की पूर ओसरल्यानंतर कित्येक वर्षं घरात कोणालाच हे धड माहीत नव्हतं. धरण फुटलं, एवढंच. नुकसानीचे अर्ज भरले, हेलपाटे घातले, नवी जागा मिळाली, पण आपलं घर नेमकं कशाने गेलं हे कोणी समजावून सांगितलं नाही. वडील गेले तेही ते न कळता. 'ते प्रकरण मी वाचकाला शिकवायला लिहिलेलं नाही. आमच्या घरात कोणाला सांगितलं नाही, म्हणून लिहिलंय.'

पत्र वाचल्यावर माझ्यासमोरचा प्रश्नच बदलला. माझा आक्षेप निवेदनाला होता, मजकुराला नव्हता. आणि काकूंच्या उत्तरात नवीन मजकूर होता: न कळण्याची वर्षं. ती हस्तलिखितात कुठेच नव्हती! मी परत लिहिलं की ही माहिती पुस्तकात राहू दे, पण कादंबरीत ती कोणाला, कधी आणि कोणाकडून कळते, ते ठरवा. तीन-चार वाटा सुचवल्या. वडिलांच्या कचेरीतला कोणी, शाळेतले मास्तर, जुनं वर्तमानपत्र गुंडाळून आलेलं सामान.

त्यांनी यातली एकही घेतली नाही. त्यांनी खानावळीत एक माणूस आणून बसवला. साल 1970 च्या पुढचं, पाटबंधारे खात्यातला निवृत्त ओव्हरसियर, बायको गेलेली, महिन्याचं ताट लावलेलं. तो जेवताना थोडंथोडं बोलतो. एका दिवशी मातीच्या भरावाबद्दल, मग बऱ्याच पानांनी पोत्यांबद्दल, मग आणखी पुढे, सणाच्या दिवशी, त्या बोगद्याबद्दल. आत्या पोळ्या लाटतेय. चार हजार शब्दांचे दीड हजार झाले आणि तीन प्रकरणांत विखुरले. बोगद्यात सळया नव्हत्या, पोलाद मिळत नव्हतं, असं तो म्हणतो तेव्हा आत्या लाटणं थांबवते.

'म्हणजे लोखंड नव्हतं म्हणून माझं पितळ गेलं?'

हे वाक्य माझं नाही. अशी वाक्यं संपादकाला सुचत नाहीत, सुचू पण नयेत. मी फक्त अडवून धरलं, आणि काकूंनी का अडू नये ते मला सांगितलं. मधे तिसरा माणूस असता तर सातवं प्रकरण गेलं असतं, आणि पानं कमी झाली म्हणून सगळे खूश झाले असते.

अमावास्या

वाक्यांच्या फेरीत मी तारखा, तिथ्या, पत्ते, भाव, गाड्यांच्या वेळा तपासते. कादंबरी असली म्हणून सूट नाही. पुण्यावरच्या कादंबरीला तर मुळीच नाही, कारण वाचणारा प्रत्येक जण 'मी होतो ना तिथे' म्हणणारा.

काकूंनी पुराचा वार बुधवार लिहिला होता, तो बरोबर. पण त्या रात्रीचा एक परिच्छेद होता. मुलं सदाशिव पेठेत एका नातलगांच्या माडीवर आहेत, पाणी गल्लीच्या टोकाला येऊन थांबलंय:

'रात्री पावसाने उघडीप दिली. पुराच्या पाण्यावर चांदणं सांडलं होतं. त्या रुपेरी पाण्यात आमचा वाडा कुठे असेल, याचा मी अंदाज घेत होते.'

जुनं पंचांग काढलं. 12 जुलै 1961 रोजी ज्येष्ठ अमावास्या. चांदण्याचा प्रश्नच नाही. त्यात शहरातली वीज गेलेली.

मी समासात एवढंच लिहिलं: 'अमावास्या होती. काय दिसलं असेल?'

दोन दिवस फोन नाही. मग आला तो थेट विषयावर. त्यांनी नगरला मोठ्या बहिणीला फोन लावला होता. बहीण तेव्हा तेरा वर्षांची. ती म्हणाली, दिसत काहीच नव्हतं, वास येत होता. नवीन परिच्छेद असा आला:

'काही दिसत नव्हतं. खाली पाणी आहे हे नाकाला कळत होतं. रॉकेलचा वास होता, गोठ्याचा होता, आणि मध्येच भिजलेल्या धान्याचा यायचा. आत्या म्हणाली, कुणा वाण्याचं दुकान फुटलं. मग बराच वेळ ती वासावरून सांगत राहिली, हे हळदीचं पोतं, हा गूळ. आम्ही तिघं भावंडं अंधारात नाकं वर करून बसलो.'

पहिला परिच्छेद वाईट नव्हता. तो कुठल्याही पुराचा होता, दुसरा याच पुराचा आहे. शिवाय खानावळवाल्या आत्याशिवाय तो कोणी लिहूच शकत नाही. वाचकांपैकी फार जणांनी तिथी तपासली असती असं मला वाटत नाही. चूक राहिली असती तरी पुस्तक खपायचं तेवढं खपलं असतं. पण तो एक प्रश्न विचारायला आणि उत्तर यायला वेळ होता, कारण छपाईची तारीख काकूंच्या हातात होती. कोणाच्या दिवाळीच्या यादीत पुस्तक बसवायचं नव्हतं. घाईत असते तर मी 'चांदणं' खोडून 'अंधार' केलं असतं आणि पुढच्या पानावर गेले असते.

वाक्यांच्या फेरीतलं बाकीचं काम नेहमीचंच. नवखे लेखक प्रसंग लिहितात आणि लगेच त्याचा अर्थ सांगतात. 'आत्याने रिकाम्या फडताळाकडे पाहिलं. तिला फार वाईट वाटलं. आयुष्यभराचा संसार एका क्षणात वाहून गेला होता.' मी शेवटच्या दोन वाक्यांभोवती पेन्सिलीने कंस केला आणि 'ही झाकून वाचा' असं लिहिलं. त्यांनी झाकून वाचलं, मग पहिलंही बदललं: 'आत्याने फडताळ उघडलं. खालच्या कप्प्यात गाळ होता. बोटाने उकरून तिने एक चमचा काढला, पदराला पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवला.' त्यानंतरच्या प्रकरणांत असे कंस करायची वेळ फारशी आली नाही. पुढची प्रकरणं माझ्याकडे यायच्या आधीच त्यांनी स्वतः झाकून वाचली होती. स्वतंत्र लेखकांमधला हा गुण मला फार आवडतो. संपादनाचे पैसे खिशातून गेलेले असतात, त्यामुळे एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लावणं त्यांना परवडत नाही!

न पटलेलं एक

सगळंच जुळलं असं नाही. पुरानंतर वडील नुकसानीचा अर्ज भरतात त्या प्रकरणात आत्या गेलेल्या भांड्यांची यादी सांगते. हंडे, कळश्या, तांब्याचा बंब, घंगाळ, पराती, सतेली, तपेली, वेळण्या, ओगराळी, झारे, पितळी डबे मापासकट, आणि प्रत्येकामागे कुठून आलं, किती शेराचं, कोणाचं नाव घातलेलं. अडीच पानं. माझं म्हणणं, एक पान पुरे. वाचकाला कळतं, मग तो पान उलटतो.

काकू ढिम्म. 'त्याला उलटू दे. अर्ज घेणाऱ्या साहेबानेही उलटलं होतं.'

युक्तिवाद म्हणून हे बिनतोड आहे. तरी माझं मत आजही एका पानाचंच आहे. कराराप्रमाणे शेवटचा शब्द त्यांचा, अडीच पानं राहिली. छापून आल्यावर वाचकांतही दोन तट पडलेत. त्यांच्या वयाच्या बायका ती यादी मोठ्याने वाचतात. हिंजवडीत नोकरी करणारी त्यांची भाची म्हणाली, 'मावशी, मी ते स्क्रोल केलं.' छापील पुस्तक कसं स्क्रोल केलं, हे तिलाच माहीत.

असा मतभेद उघड राहणं मला बरं वाटतं. पुस्तकावर माझं नाव संपादक म्हणून आहे आणि त्यात मला न पटलेली अडीच पानं आहेत. ती कोणाच्या निर्णयाने आहेत आणि का आहेत, हे मला नेमकं सांगता येतं. माझं नाव असलेल्या सगळ्याच पुस्तकांबद्दल तसं सांगता येणार नाही.

अक्षरजुळणीपासून पोस्टापर्यंत

इथून पुढे काम थोडक्यात. वह्यांवरून पहिली अक्षरजुळणी काकूंच्या ओळखीच्या डीटीपीवाल्याने श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये केली होती. ई-बुकसाठी ते युनिकोडमध्ये आणलं तर 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं, 'पायऱ्या' मोडल्या, काही जोडाक्षरं फुटली. रूपांतर झालं की पहिल्या ओळीपासून पुन्हा मुद्रितं वाचायची, याला पर्याय नाही. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम, 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये वाढवलेले चार. फक्त निवेदन भाचीच्या बोलण्यातलं असल्यामुळे 'केले-गेले' न ठेवता सगळीकडे 'केलं-गेलं' ठेवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

पुस्तक डेमी आकारात 309 पानांचं भरलं. सोळा पानांचा एक फर्मा. 304 पानं म्हणजे एकोणीस फर्मे. वरच्या पाच पानांसाठी कागद, छपाई आणि बांधणीचा खर्च वाढणार होता. मी म्हटलं, ओळींमधली जागा किंचित कमी करू. काकू म्हणाल्या, अक्षर बारीक नको, माझ्या मैत्रिणी वाचणार आहेत. त्यांनी स्वतःचं मनोगत सहा पानांचं होतं ते एका पानावर आणलं. भांड्यांना हात लावला नाही, हे सांगायला नकोच.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि तो वैयक्तिक लेखक-प्रकाशकालाही मिळतो. बाजारात याचे पैसे घेणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते, तीस दिवसांच्या आत. भल्याभल्यांचं हे राहून जातं. काकूंनी पुस्तकं हातात आली त्याच आठवड्यात चार पुडकी बांधून पोस्टात नेली.

छापल्या पाचशे प्रती. प्रकाशनाची तारीख 12 जुलै, ती मात्र कोणालाच विचारली नाही. समारंभ नाही, पाहुणे नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये वाचन. ओव्हरसियरचे तिन्ही तुकडे काकूंनी सलग वाचले. ऐकायला आलेल्यांतले निम्मे पूरग्रस्त वसाहतीत वाढलेले, त्यामुळे वाचन तासाभराचं आणि नंतरच्या गप्पा दोन तासांच्या. त्या गप्पांत कोणी साहित्याबद्दल बोललं नाही. कोणाच्या घरी काय वाहून गेलं, यावरच सगळे बोलत होते.

अप्पा बळवंत चौकातल्या दोन दुकानांनी विक्रीनंतर पैसे या बोलीवर प्रती ठेवून घेतल्या. विक्रेत्याची सूट वजा जाता हातात येतं ते बघून काकू चपापल्या, पण दुकानात पुस्तक दिसलं पाहिजे हा हट्टही त्यांचाच. खरी विक्री झाली ती फोनवरून, ज्येष्ठ नागरिक संघांमधून, टेलिफोन खात्यातल्या जुन्या मैत्रिणींमधून. एकेकीने पाच-पाच प्रती नेल्या. खर्च निघाला. नफा म्हणण्यासारखा नाही.

हे सगळ्यांशी जमतं का

नाही. स्वतः पुस्तक काढणारे कितीक जण मुखपृष्ठ तयार करून, प्रकाशनाची तारीख ठरवून, पाहुणे बोलावून मग हस्तलिखित पाठवतात आणि 'आठवड्यात बघून द्या' म्हणतात. ते काम मी घेत नाही. काहींना त्यांनी लिहिलेलं छान आहे असं ऐकायला पैसे द्यायचे असतात. त्यांनाही मी नाही म्हणते. आणि 'सगळं आम्ही करतो' म्हणून पॅकेज विकणाऱ्यांच्या हाती लागलेले लेखक माझ्याकडे येतात तोवर पैसे संपलेले असतात. तो वेगळाच विषय आहे.

पण नमुना संपादन परत गेल्यावर जो लेखक 'मान्य' किंवा 'अमान्य' न लिहिता प्रश्न लिहून पाठवतो, त्याच्याबरोबर काम करायला मी दुसरी कामं मागे ठेवते. तो मला माझी कारणं तपासायला लावतो. 'इथे संथ वाटतं' असं मी पूर्वी बिनदिक्कत लिहायची. आता कुठल्या वाक्यापासून, कशामुळे आणि कोणत्या वाचकाला, ते लिहिते. ही सवय प्रकाशकांच्या कामातही लागली आहे, आणि त्यातल्या काहींना ती जड जाते. अहवाल लांबतात म्हणे.

काकूंच्या पाचशेपैकी थोड्याच प्रती उरल्यात. दुसरी आवृत्ती काढायची की नाही, ते ठरलेलं नाही. त्यांनी एक वही केली आहे, तीत वाचकांनी कळवलेल्या दुरुस्त्या उतरवतात. दत्तवाडीतले एक आजोबा म्हणतात की शाळेत वाटलेली खिचडी नव्हती, पोळी-भाजी होती. बहिणीचं म्हणणं, खिचडीच होती. काकूंनी दोन्ही नोंदवून पुढे माझ्यासाठी प्रश्नचिन्ह काढलंय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तिथे पंचांग काही कामाचं नाही.

दरम्यान त्यांनी एक्स्चेंजमधल्या गोष्टी लिहायला घेतल्यात. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या मुली आणि त्यांना कानावर पडू नये ते कानावर पडणं. परवा फोनवर विचारत होत्या, तुझा दर तोच आहे ना?

'थोडा वाढलाय काकू.'

'मग आधी मीच झाकून झाकून वाचते. उरेल ते तुझ्याकडे.'